दुपारची खिडकी

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या, कारण आजची गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. लग्नाची गोष्ट आहे, पण तीत वाजंत्री नाही, पंगती नाहीत, मानपानावरून कोणी रुसलेलं नाही. आहेत ते नुसते कागद, आणि त्या कागदांखाली दबलेला एक भला माणूस. त्याला सगळे नाना म्हणत. हसू आलं तर आवरू नका. नानाही हसले शेवटी. त्यांना ते जमायला तीन वर्षं लागली, एवढंच.

नानांनी पाणीपुरवठा कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं काढली. तळघरातली खोली, बारा महिने दमट, आणि खिडकी अशी उंच की तिच्यातून फक्त जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या चपला दिसाव्यात. तिथे बसून नानांनी आयुष्याचं सार काढलं होतं: कागदाला शत्रू तीन – ओल, कसर आणि साहेबाचा चहा. एका माणसाच्या नळजोडणीचा नकाशा कसरीने खाल्ला, तर तो माणूस अकरा वर्षं नानांच्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा. पुढे तो यायचा बंद झाला, तेव्हा नानांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून निवृत्त झाल्यावर नानांनी पहिली वस्तू आणली ती लॅमिनेशनचं यंत्र. त्या दिवसापासून घरात अक्षर उमटलेला एकही कागद उघडा राहिला नाही. विजेची बिलं, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, प्रेशर कुकरचं माहितीपत्रक, सगळं प्लॅस्टिकमध्ये. "उद्या मलाही घालाल त्या यंत्रात," असं बायको म्हणायची. सगळी इमारत तिला काकू म्हणे, आपणही काकूच म्हणू. तर काकू असं म्हणायच्या, नाना म्हणायचे, "तू मावत नाहीस," आणि त्यावर दोन दिवस घरात बोलणं बंद असायचं.

मग काकू गेल्या. देवाने बोलावणं पाठवलं की तिथे अर्ज करून मुदतवाढ मिळत नाही. तीन वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांच्या हातची शेवटची यादी अजून लटकलेली आहे – साबण, काड्यापेटी, दोरी, ह्यांच्या गोळ्या. लॅमिनेट केलेली. दोरी कशाला हवी होती ते नानांना अजून कळलेलं नाही.

आणि अशा त्या घरात एका रविवारी परदेशातून लेकीचा फोन आला.

"नाना, आम्ही लग्न करायचं ठरवलंय."

मुलगा तिथलाच. तिच्याबरोबर पुलांचे आराखडे करणारा, शांत, उंच. फोनवर नानांना दोनदा हात हलवून दाखवलेला. नानांना राग आला नाही. नानांना काय आलं ते त्यांनाच कळलं नाही, म्हणून ते म्हणाले, "कागद कोणते लागतील?"

लेक हसली. "तुम्ही हेच विचारणार, हे त्याला आधीच सांगितलं होतं मी."

कागद तीन. एक, तिचा जन्माचा दाखला. दोन, ती अविवाहित आहे असं आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र, दोघांच्या सह्यांचं. तीन, दोघांपैकी कोणी हयात नसेल तर त्याच्या मृत्यूचा दाखला. तिन्हींवर, परदेशी जाणाऱ्या कागदांवर शिक्का मारणाऱ्या सरकारी कचेरीचा उठावाचा शिक्का, आणि मान्यताप्राप्त भाषांतर. तिथल्या नोंदणी कचेरीने तारीख दिली होती तीन महिन्यांनंतरची, बावीस तारीख. कागद तीन आठवडे आधी पोचायला हवेत. "आणि नाना," लेक म्हणाली, "ही तारीख गेली तर पुढची सात महिन्यांनी. माझा इथला राहण्याचा परवाना चार महिन्यांत संपतोय. मग नोकरी सोडून परत यावं लागेल मला."

"चौतीस वर्षं काय केलं मी?" नाना म्हणाले. "पंधरा दिवसांत पाठवतो."

"आईचा दाखला आहे ना तुमच्याकडे?"

"आहे ना. फाइलमध्ये."

मंडळी, इथे जरा थांबूया. नाना खोटं बोलले. ज्या माणसाच्या घरात इस्त्रीच्या हमीपत्राच्या तीन प्रती होत्या, त्याच्याकडे बायकोच्या मृत्यूचा दाखला नव्हता. दवाखान्याने पावती दिली होती: ही दाखवा, नोंदणी खिडकीवरून दाखला घ्या. नानांनी घरी येऊन ती पावती लॅमिनेट केली आणि कपाटाच्या तळाशी, हिवाळी कपड्यांखाली ठेवून दिली. दाखला आणायला ते गेलेच नाहीत. उद्या जाऊ म्हणाले. त्या उद्याला तीन वर्षं झाली.

बरं, लग्नाची बातमी इमारतीत लपते थोडीच? वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहत. ते त्याच संध्याकाळी खाली उतरले.

"नाना, अभिनंदन. परदेशी टपाल म्हणजे तीन गोष्टी: पत्ता, वजन आणि आतला माल जाहीर करणं. मुलाचा माल जाहीर झालाय का? आधीचं लग्न, मुलंबाळं, काही?"

"हे काय पार्सल आहे का?"

"परत पाठवायची सोय नाही म्हणून विचारतो."

नानांची थोरली बहीण अक्का दुसऱ्या दिवशी आली आणि खुर्चीवर बसायच्या आत रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "सगळे कागद आपणच द्यायचे? त्याच्या आईबापांनी शपथ घेतली का, की आमचा मुलगा सरळ आहे म्हणून? तू माग त्याचे कागद. भिडस्तपणानं आयुष्य गेलं तुझं."

"अक्का, तिथला नियम तसा आहे."

"मग नियम माग."

पहिला कागद जन्माचा. तो नानांकडे होता, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये, आरशासारखा चकाकणारा. शिक्क्याच्या कचेरीतल्या माणसाने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि परत सरकवला.

"प्लॅस्टिक काढा."

"का? खराब होईल."

"शिक्का कागदात रुतावा लागतो. प्लॅस्टिकवर बसत नाही."

"मी चौतीस वर्षं रेकॉर्डला होतो," नाना म्हणाले. हे वाक्य ऐकून जगातली कुठलीही कचेरी हलत नाही, हे ठाऊक असूनही ते म्हणाले. मागच्या रांगेतला एकजण "होता ना, आता नाही ना?" म्हणाला, तो घाव नानांनी घरापर्यंत वाहून आणला.

पोस्टमास्तरांनी उपाय सांगितला. "वाफ. आम्ही चिकटलेली तिकिटं वाफेवरच काढायचो." किटलीत पाणी ठेवलं. दोन निवृत्त सरकारी नोकर, एकाच्या हातात चिमटा, दुसऱ्याच्या हातात लेकीचा जन्म. अक्का शेजारी बसून देवाचं नाव घेत होती. प्लॅस्टिक सुटलं हो, अगदी अलगद सुटलं. फक्त अक्षरं कागदावर राहिली नाहीत, ती प्लॅस्टिकबरोबर आली. हातात उरला एक कोरा, ओला, फिकट पिवळा कागद.

नानांनी तो उलटून पाहिला, मागेही काही नव्हतं. मग पोस्टमास्तर म्हणाले, "तिकिटांचा डिंक वेगळा असायचा."

आता नवा दाखला काढणं आलं. नोंदणीची कचेरी म्हणजे लांब बोळासारखी खोली, भिंतीला हिरवट तेलरंग, एक बाक आणि एक खिडकी. खिडकीत एक बाई बसत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. खिडकीवर एकच पाटी, दोन्ही बाजूंनी रंगवलेली. सकाळी तिच्यावर "जन्म" असे. एक वाजला की बाई डबा उघडत, दोनला हात धुऊन येत, पाटी उलटी करत आणि "मृत्यू" सुरू होई. खिडकी तीच, बाई तीच, शाईसुद्धा तीच. चित्रगुप्ताच्या दफ्तरातही याहून वेगळी व्यवस्था नसावी. माणसं कमी आणि काम फार, अशीच ओरड तिथेही असणार.

जन्माचा दाखला तीन खेपांत मिळाला. जणू सगळं कामच संपलं, अशा आवेशात नाना बाकावरून उठले, घड्याळात पाहिलं, एकला दहा कमी होते, आणि पाटी उलटायच्या आत ते जवळजवळ पळतच बाहेर पडले.

मग प्रतिज्ञापत्र. नोटरी वकिलांचं टेबल जिन्याखाली होतं, त्यामुळे वरून कोणी उतरलं की त्यांच्या टायपिस्टच्या डोक्यावर धूळ पडे. वकिलांनी मजकूर वाचला. "माझी मुलगी अविवाहित असून तिच्या नियोजित विवाहास माझ्या माहितीप्रमाणे कोणताही अडथळा नाही. शपथेवर?"

"मी तिचा बाप आहे."

"म्हणून तर विचारतो. बापाला सगळ्यात शेवटी कळतं."

नानांचा चेहरा पडला. वकील भला माणूस होता, म्हणाला, "गंमत केली हो. सही करा. आणि इथे आईंची."

"ती नाही."

"गावाला गेल्यात?"

जिन्यावरून कोणीतरी धाडधाड उतरलं. टायपिस्टने डोक्यावरची धूळ झटकली. नाना म्हणाले, "वारली."

"मग दाखला आणा, त्याचा क्रमांक इथे घालावा लागतो. त्याशिवाय हा कागद अर्धा आहे. कोणताही अडथळा नाही म्हणता, आणि हाच एक अडथळा आहे."

नाना घरी आले. जोड्याचा एकच बंद सोडला आणि ते तसेच बसून राहिले.

त्यानंतर नाना रोज सकाळी दहाला नोंदणी कचेरीत जाऊ लागले. रोज! बाकावर बसायचे, पेढ्यांचे पुडे घेऊन आलेले नवे बाप बघायचे, एखाद्याला अर्ज भरायला मदत करायचे, "नाव स्वच्छ अक्षरांत लिहा, पुढे फार त्रास होतो" असं सांगायचे, आणि एकला दहा कमी झाले की उठून निघून जायचे. घरी फोन यायचा.

"नाना, झालं का?"

"होतंय. रांग मोठी आहे."

लेकीच्या पहिल्या फोनला पाच आठवडे झाले. भाषांतर करणाऱ्या बाईंचे दोन निरोप आले: मला आठ दिवस लागतात, नंतर घाई करू नका. पोस्टमास्तरांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टपालाचा शेवटचा दिवस लाल शाईने गोल केला. त्याला आता सव्वीस दिवस उरले होते. त्यांना वाटत होतं कचेरी अडवते आहे; ते एक कडक तक्रारअर्जही लिहून घेऊन आले, "तुमच्या खात्याच्या अक्षम्य दिरंगाईबद्दल" असा. नानांनी तो वाचला, कुणाची दिरंगाई ते मनात समजले, आणि घडी घालून खिशात ठेवला.

सहाव्या आठवड्यात लेक म्हणाली, "आईच्या दाखल्याचा फोटो पाठवा बरं."

"कॅमेरा बिघडलाय."

"आपण आत्ता कॅमेऱ्यावरच बोलतोय, नाना."

नानांनी फोन जरा लांब धरला.

"तुम्ही तो आणलाच नाही ना?" ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती हळू बोलली. "कधीच आणला नाही."

"बाळा, उद्या जातो."

"तुम्हाला मी परत यायला हवी असेल तर तसं सांगा. येईन मी. पण कागदांच्या आड नका लपू."

"छे छे! अगं, तसं नाही."

"आई असती तर एका दिवसात आणला असता."

"तिचाच दाखला आहे बाळा," नाना म्हणाले. "ती कशी आणेल?"

पलीकडून त्या उंच मुलाने काळजीने डोकं पुढे करून पाहिलं आणि पुन्हा हळूच मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी नाना सकाळचे गेले नाहीत. दुपारी दोनला गेले. पाटी उलटली होती. बाकावर माणसं होती, पण एकमेकांपासून अंतर ठेवून बसलेली. पेढ्यांचे पुडे नव्हते. नानांचा नंबर आला तेव्हा बाईंनी चष्मा लावून पाहिलं.

"आजोबा, तुम्ही दुपारचे?"

"माझं काम दुपारचंच होतं."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या. "रोज नातवाचा दाखला कोण नेतं?"

नानांनी पावती पुढे केली. बाईंनी तिच्यावर "दिला" असा शिक्का मारला. शिक्का घसरला. पुन्हा मारला, शाई प्लॅस्टिकवर थेंब थेंब होऊन उभी राहिली. बाईंनी बोटाने ती पुसली, बोट बघितलं.

"हे काय केलंत?"

"जपून ठेवली."

"अहो, जपलेल्यावर काही उमटत नाही." आणि पावती बाजूला ठेवून त्यांनी कपाटातून तीन वर्षांपूर्वीची नोंदवही काढली, धूळ झटकली, पान उघडून नानांकडे फिरवलं. "असू दे. नोंदवहीत सही करा, झालं."

मंडळी, ते पान नानांनी पाहिलं. रकाने आखलेले. शेवटचा रकाना: दाखला मिळाल्याची सही. वरपासून खालपर्यंत सह्या, अंगठे, गिचमिड अक्षरं. मधे एकच चौकट रिकामी. जिने आयुष्यात कधी कुणाला खोळंबून ठेवलं नाही, तिचीच ओळ तीन वर्षं अडून राहिली होती. आणि अडवणारा कोण, तर स्वतः रेकॉर्डकीपर. हाताखालच्या कारकुनाने असा रकाना सोडला असता तर नानांनी त्याची वार्षिक पगारवाढ रोखली असती.

"आधी वाचून दाखवते," बाई म्हणाल्या. "चूक असेल तर आत्ताच सांगा." त्यांनी काकूंचं नाव वाचलं, पूर्ण, लग्नानंतरचं. तारीख वाचली. वेळ वाचली. "वय एकसष्ट."

"एकोणसाठ," नाना म्हणाले.

"इथे एकसष्ट आहे."

"ती एकोणसाठ सांगायची."

"सांगायच्या असतील. शाळेच्या दाखल्यावरून घेतलंय हे."

"तिला आवडणार नाही हो हे!" नानांचा आवाज चढला. बाकावरची माणसं बघायला लागली. "परदेशात जाणार आहे हा कागद. लेकीच्या सासरी वाचतील. दोन वर्षांचा प्रश्न आहे, त्यांना काय फरक पडतो? तिला पडतो!"

बाई रागावल्या नाहीत. त्या खिडकीत बसून माणसं कशाकशावरून भांडतात ते त्यांनी पाहिलं होतं. "बदल करता येतो, आजोबा. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार. महिना जाईल."

पोस्टमास्तरांच्या लाल गोलाला पंचवीस दिवस होते.

नानांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. मग पेन मागितलं. "असू दे. रागावेल थोडी," ते म्हणाले आणि त्या चौकटीत सही केली. चौतीस वर्षांत इतकी वाकडी सही त्यांनी कधी केली नव्हती.

घरी आल्यावर सवयीने त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. यंत्र तापायला लागलं, प्लॅस्टिकचा तो ओळखीचा वास आला. नानांनी दाखला पाकिटात सरकवला, कडा जुळवल्या. हिरवा दिवा लागला. मंडळी, काळजावर हात ठेवा. तेवढ्यात दारातून पोस्टमास्तर असे ओरडले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"नाना! रुतायचंय त्याच्यात! रुतायचंय!"

नानांनी बटण बंद केलं. दाखला बाहेर काढून टेबलावर ठेवला, उघडाच. रात्रभर वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर काकूंची चष्म्याची डबी ठेवली.

त्यानंतर सगळं झालं, जसं आधीच्या सहा आठवड्यांतही होऊ शकलं असतं. शिक्का रुतला. नाना बोट फिरवून बघत राहिले, कागदाच्या मागच्या बाजूलाही तो लागत होता. भाषांतर करणाऱ्या बाईंनी आठाचे सहा दिवस केले. पोस्टमास्तरांनी पाकीट स्वतः बांधलं, दोरीने, चारी बाजूंनी गाठ मारून, आणि टपालाच्या खिडकीवर ते देताना हात जोडले. कागद मुदतीच्या दोन दिवस आधी पोचले.

बावीस तारखेला नाना, अक्का आणि पोस्टमास्तर सोफ्यावर ओळीने बसले, समोर पाण्याच्या तांब्याला टेकवलेला फोन. पडद्यावर एक पांढरी खोली, एक टेबल, लेक, तो उंच मुलगा आणि नोंदणी अधिकारी बाई. अक्काने "एवढंच?" असं दोनदा विचारलं. अधिकारी बाई एकेक कागद उचलून त्यांच्या भाषेत वाचत होत्या आणि लेक मान डोलवत होती. मग एका कागदावर त्या थांबल्या. सावकाश, अडखळत त्यांनी काकूंचं नाव उच्चारलं. ज्या गावी काकूंना कोणी पाहिलेलं नाही, तिथल्या खोलीत ते नाव सगळ्यांनी ऐकलं. उच्चार चुकला होता. नानांनी दुरुस्त केला नाही.

पुढे त्या आणखी काही वाचल्या. लेकीने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"नाना, एकसष्ट म्हणताहेत."

"हो बाळा. भांडलो मी."

"आई चिडेल."

"चिडलीच असेल," नाना म्हणाले, आणि हसले. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, मग नुसतं पाणीच येत राहिलं, आणि अक्काने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अधिकारी बाईंनी काहीतरी विचारलं. लेकीने सांगितलं, "विचारताहेत, सगळं बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

झाली गोष्ट. आता उठाल, चपला शोधाल, घरी जाल. एक विनंती आहे, तेवढी ठेवा. कधी दिवेलागणीला हात जोडाल, आपली गेलेली माणसं एकेक करून डोळ्यांसमोर आणाल, तेव्हा त्या रांगेत काकूंनाही उभं करा. ना तुमच्या नात्याच्या, ना ओळखीच्या, तरी करा. दोरी कशाला हवी होती ते विचारा हवं तर. आणि वय कोणी विचारलंच, तर एकोणसाठ सांगा.